काकांचं दुकान बुडालं, म्हणून माझंही बुडेल का?

पत्राचा सारांश: पुण्याच्या एका उपनगरात पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या ४२ वर्षांच्या एका ताईंनी लिहिलं आहे. ९ वर्षं धंदा नीट चाललाय. चार बायका कामाला आहेत, रोज सातशे-आठशे पोळ्या जातात. आता सात किलोमीटरवर, नोकरदार मुलामुलींच्या पीजींच्या वस्तीत एक गाळा भाड्याने मिळतोय आणि मालकाला महिनाअखेर उत्तर हवंय. घरचे म्हणतात, काकांचं विसरलीस का? हे काका म्हणजे त्यांचे चुलत सासरे. सातारा जिल्ह्यात त्यांचं कापडाचं दुकान जोरात चाललं होतं. त्यांनी शेजारच्या गावी दुसरं काढलं, तिथे मेहुण्याला बसवलं, लग्नसराईसाठी माल भरला. पैसे अडकले, तीन वर्षांत दोन्ही दुकानांना कुलूप लागलं आणि घर गहाण पडलं. दुसरीकडे ताईंची एक मैत्रीण आहे. तिची लॉन्ड्री. तिने दुसरं दुकान काढलं, मग तिसरंही. मशीनं मात्र अजून पहिल्याच जागी आहेत. ती म्हणते, घाबरतेस काय, घेऊन टाक. ताई लिहितात: "दोन्ही दाखले माझ्या डोळ्यांदेखतचे आहेत. रात्री काकांचं आठवलं की नको वाटतं, सकाळी मैत्रिणीचा फोन आला की घ्यावंसं वाटतं. कुणाचा दाखला खरा मानू? की असे दाखले बघून ठरवणंच चूक आहे?"

ताई,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. दाखले बघून ठरवणं चूक नाही. जे अजून घडलेलंच नाही, त्याचा हिशेब माणूस दुसरा कसा मांडणार? वकील जुने निकाल काढून बघतात, डॉक्टर आधीचा पेशंट आठवतात, शेतकरी शेजारच्या बांधावरचं पीक बघून बियाणं ठरवतो. तुम्हीही नऊ वर्षांपूर्वी केंद्र काढलंत तेव्हा कुणाचं तरी बघूनच काढलं असणार. तेव्हा ही सवय सोडू नका. प्रश्न आहे तो दाखल्यातलं काय उचलायचं याचा. तुमच्या घरात दोन्ही बाजूंनी फक्त शेवट उचलला जातोय, काकांचं बुडालं आणि मैत्रिणीचं तरलं. मधलं सगळं गळून गेलंय, आणि तुम्हाला उपयोगी पडेल असं जे काही आहे ते त्या मधल्या भागात आहे.

आपल्याकडच्या न्यायशास्त्रात, म्हणजे तर्काच्या जुन्या शास्त्रात (कोर्टाच्या न्यायाशी याचा संबंध नाही), अनुमानाचं एक ठरलेलं उदाहरण आहे. डोंगरावर आग आहे. कारण तिथे धूर दिसतोय. जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात. या डोंगरावरही तसाच धूर आहे. म्हणून तिथे आग आहे. पाच पायऱ्या आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. यात उदाहरण तिसरं येतं, हेतूच्या नंतर, हे मला फार मोलाचं वाटतं. आधी कारण सांगायचं आणि मगच दाखला द्यायचा. शिवाय डोंगर आणि स्वयंपाकघर यांच्यात दिसायला काय सारखं आहे? काहीच नाही. एक उघड्यावर, एक घरात. एक दगडाचा, एक भिंतींचं. तरी दाखला पक्का बसतो, कारण धूर आणि आग यांचं नातं दोन्हीकडे तेच आहे. आणि नैयायिक एवढ्यावर थांबत नाहीत. ते उलटा दाखलाही मागतात: जिथे आग नाही तिथे धूरही नाही, जसं तळ्यात. या शास्त्राचा मूळ ग्रंथ म्हणजे न्यायसूत्रं, त्यांच्या शेवटच्या अध्यायात फसव्या प्रत्युत्तरांचे २४ प्रकार मोजले आहेत आणि त्यांतला पहिलाच साधर्म्यसम, म्हणजे नुसतं काहीतरी सारखं आहे एवढं दाखवून वाद घालणं. तुमच्या घरात नेमका तोच वाद चाललाय.

आता ही कसोटी काकांना लावू. घरचे जे साम्य दाखवतात ते असं: एकच घराणं, एकच आडनाव, चालणारा धंदा, दुसरं दुकान. मग 'दुसरं दुकान' हे बुडण्याचं कारण म्हणायचं का? मैत्रिणीनेही दुसरं दुकान काढलं आणि ती बुडाली नाही. म्हणजे नुसतं 'दुसरं' असणं हे कारण नाही, एवढं तिच्या दाखल्याने सिद्ध झालं. पण तेवढंच. तुमचंही तरेल, हे त्याने सिद्ध होत नाही. कुणाचा दाखला खरा असं तुम्ही विचारलंत. दोन्ही खरे आहेत आणि ते एकमेकांच्या विरोधातही नाहीत. एकात बुडण्याची कारणं आहेत, दुसऱ्यात तरण्याची. ती कारणं तुमच्याकडे किती लागू आहेत, ते बघायचं.

कापडाचा धंदा कसा चालतो ते आठवा. सिझनच्या आधी माल भरावा लागतो, बराचसा उधारीवर. गिऱ्हाईकही गावातलं, ओळखीचं, म्हणून तिकडेही उधारी. लग्नसराईत जे खपलं नाही ते पुढच्या वर्षी जुनं होतं आणि पडेल भावात काढावं लागतं. दुकानं दोन म्हणजे फळ्या दोन, माल दुप्पट, अडकलेला पैसा दुप्पट. व्यापाऱ्याची देणी मात्र ठरल्या तारखेला. काकांचा पैसा असा अडकला. तुमच्याकडे सकाळी आलेलं पीठ आणि भाजी रात्रीपर्यंत संपते. पैसे रोखीने किंवा फोनवरून त्याच क्षणी येतात. उरलं तर टाकावं लागतं हे खरं, पण तो तोटा त्याच रात्री दिसतो आणि दुसऱ्या दिवशी कणीक कमी भिजवता येते. तीन वर्षं न कळता साचत जाईल असा तोटा तुमच्या धंद्यात मालामुळे होत नाही. तेव्हा काकांच्या बुडण्याचं हे पहिलं आणि मोठं कारण तुम्हाला लागू नाही.

पण त्यांच्या गोष्टीत दुसरंही एक कारण आहे आणि घरचे त्याचा उच्चारही करत नाहीत. दुसऱ्या गल्ल्यावर काका नव्हते, मेहुणा होता. हे कारण तुम्हाला लागू आहे आणि काकांपेक्षा जास्त लागू आहे. साडी मेहुण्याने विकली तरी साडी तीच राहते. आमटी कुणी केली यावर आमटी बदलते. मीठ हाताने पडतं, फोडणी किती तडतडू द्यायची हे कानाने कळतं, पोळीचा पहिला फुगा आला की कधी उलटायची हे बघून बघून येतं. तुमच्या चार बायकांना हे येत असेलही, पण तुम्ही समोर असताना येतं की नसतानाही येतं, ते तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. खरी भीती बाळगायचीच तर ही बाळगा.

आता लॉन्ड्री. तुमच्या पत्रात एक वाक्य ओघात आलंय, ते मी दोनदा वाचलं: तिची मशीनं अजून पहिल्याच जागी आहेत. म्हणजे दुसऱ्या नि तिसऱ्या दुकानात काय असणार? एक काउंटर, पावतीपुस्तक, कपडे टांगायला दांडा, आणि बसायला एक मुलगी. कपडे तिथे जमा होतात, धुलाई नि इस्त्री एकाच जागी होते, तयार गठ्ठे परत जातात. तिने खरं तर दुसरी लॉन्ड्री काढलीच नाही. तिच्या लॉन्ड्रीला दुसरी खिडकी काढली. ज्या कामात हात आणि नजर लागते ते काम तिच्या डोळ्यांसमोरून हललेलंच नाही. म्हणून ती तरली. काका ज्या कारणाने बुडाले, तीच गोष्ट तिने उलटी करून ठेवलीय, बहुधा ठरवून नव्हे.

मग तुमच्यासाठी प्रश्न बदलतो. गाळा घ्यायचा की नाही याच्या आधी, माझ्या स्वयंपाकघराला दुसरी खिडकी काढता येईल का, हे विचारायला हवं.

इथे जपून, कारण हा दाखलाही सगळा बसत नाही. कपडा आज ऐवजी उद्या मिळाला तर गिऱ्हाईक कुरकुर करेल आणि घेईल. जेवण उद्या चालत नाही. कपडा ट्रॅफिकमध्ये खराब होत नाही. गरम पोळ्या डब्यात कोंडल्या की वाफेने ओल्या होतात आणि उघड्या ठेवल्या की वातड होतात. रस्सा मात्र झाकणाच्या स्टीलच्या डब्यात तासभर छान राहतो. उसळ तर मुरून जास्त चांगली लागते. भिजवलेली कणीकही दोन तास तेलाचा हात लावून झाकून ठेवली तरी हरकत नाही. म्हणजे तुमचं काम दोन भागांत फुटतंय: चव ज्यात आहे ते, भाजी-आमटी आणि कणीक, तुमच्याच स्वयंपाकघरात, आणि पोळी भाजणं तिकडे, एक तवा नि एक सराईत बाई घेऊन. याला अख्खा गाळा लागत नाही. डिपॉझिट कमी, सिलेंडर कमी. (अन्न परवाना जागेप्रमाणे असतो. तिकडे तवा पेटवणार असाल तर त्या जागेची नोंद वेगळी करून घ्या, ते टाळू नका.)

तुम्हाला वाटेल, हे सगळं माझ्याच पत्रात होतं, मग मला का दिसलं नाही? यात तुमची हुशारी कमी पडली असं मुळीच नाही. मेरी गिक आणि कीथ होलिओक या दोन संशोधकांनी १९८० साली यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. कोडं जुनं होतं, कार्ल डंकर या मानसशास्त्रज्ञाचं. एका रुग्णाच्या पोटात गाठ आहे, शस्त्रक्रिया करता येत नाही. किरणांनी गाठ मरेल, पण तेवढे तीव्र किरण वाटेतलं चांगलं मांसही जाळतील. सौम्य किरणांनी मांस वाचेल, पण गाठही वाचेल. काय करायचं? नुसतं कोडं दिलं तर शंभरात दहाएक जणांना उत्तर सापडतं. काही जणांना आधी एक वेगळी गोष्ट वाचायला दिली होती. एका सेनापतीला किल्ला घ्यायचाय, पण प्रत्येक वाटेवर सुरुंग आहेत, मोठी फौज गेली की उडणार. तो फौजेच्या लहान तुकड्या करतो, सगळ्या वाटांनी एकदम सोडतो आणि त्या किल्ल्यापाशी एकत्र येतात. कोड्याचं उत्तर हेच: सौम्य किरण चहूबाजूंनी सोडायचे, ते गाठीवर एकवटतील. एवढी गोष्ट नुकतीच वाचूनही आपणहून उत्तर गाठणारे शंभरात तीसेकच निघाले. मग गोष्ट वाचलेल्यांना एवढंच सुचवलं की मघाची गोष्ट उपयोगी पडेल. लगेच शंभरातल्या पाऊणशे जणांना सुटलं.

याचा अर्थ मला असा लागतो की उत्तर डोक्यात असतं, पण ते किल्ल्याच्या कप्प्यात असतं आणि आपण दवाखान्याच्या कप्प्यात शोधतो. तुमच्या डोक्यात काका आले ते 'आपल्या घरातलं दुकान' या नात्याने. लॉन्ड्री आली ती 'मैत्रीण' या नात्याने. वर वर जे सारखं दिसतं त्यावरून आठवण येते. कामाचं जे साम्य असतं ते खाली दडून राहतं. याच दोघांनी १९८३ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली आणि ती तुम्हाला आजच करता येईल. एकाऐवजी दोन गोष्टी दिल्या आणि त्यांत सारखं काय ते लिहून काढायला लावलं, तर पुढचं कोडं आपणहून सोडवणारे वाढतात. तेव्हा फायदे-तोट्यांची यादी करू नका. एक कागद घ्या, डावीकडे काका, उजवीकडे मैत्रीण. प्रत्येकाबद्दल तेच प्रश्न: माल कुठे अडकतो, पैसा किती दिवसांनी परत येतो, हातचं काम कुठे होतं, मालक कुठे बसतो, एखादा दिवस वाईट गेला तर ते कधी कळतं. मग मधे तुमचं केंद्र लिहा. कुणाशी किती जुळतं ते ओळीओळीने दिसेल, आणि रात्रीची भीती नि सकाळचा उत्साह दोन्ही जरा बाजूला होतील.

आणि शोध फक्त खानावळवाल्यांत करू नका. हेन्री फोर्डच्या डेट्रॉइटजवळच्या हायलंड पार्क कारखान्यात १९१३ साली मोटारी जोडायची सरकती रांग सुरू झाली. ती कल्पना शिकागोच्या खाटीकखान्यांतून आली, हे फोर्डने पुढे स्वतः लिहून ठेवलंय. तिथे जनावर डोक्यावरच्या रुळाला टांगून पुढे सरकायचं आणि प्रत्येक कामगार जागेवर उभा राहून आपला एकच भाग कापायचा. एकीकडे सोलून सुटं करायचं, दुसरीकडे जोडून अख्खं करायचं, म्हणजे वरून बघितलं तर अगदी उलटं काम. पण 'माणूस जागेवर, काम त्याच्याकडे चालत येतं' ही गोष्ट दोन्हीकडे तीच, आणि तीच त्यांनी उचलली. मोटारीचा सांगाडा जोडायला आधी साडेबारा तास लागत, ते दीड तासावर आले. तेव्हा दूधवाला, इस्त्रीवाला, केक पोचवणारी बाई, यांच्याकडेही बघा. तुमच्या अडचणीचं उत्तर त्यांनी कधीच काढून ठेवलेलं असू शकतं.

आणखी एक गृहीत तुमच्या पत्रात आहे. तुम्ही म्हणता दोन्ही दाखले डोळ्यांदेखतचे. पण डोळ्यांसमोर कुठले दाखले येतात? ज्यांचं घर गहाण पडतं त्यांचे, आणि जे तीन दुकानं काढतात त्यांचे. ज्याने दुसरी जागा घेतली, दीड वर्ष चालवली, थोडा तोटा सोसून शांतपणे सोडली, त्याची गोष्ट लग्नाच्या पंगतीत कुणी सांगत नाही. ज्याचं दुसरं दुकान बरं चाललंय, पण आता दुपारची झोप गेली आणि मुलांच्या शाळेत जायला वेळ नाही, तोही सांगत नाही. अशी माणसं मुद्दाम शोधावी लागतात. तुमच्या किराणावाल्याला विचारा, त्याला ठाऊक असतं की कुणी तेलाचे डबे दुप्पट न्यायला लागलं आणि कुणी पुन्हा निम्म्यावर आलं.

घरच्यांबद्दल. सासऱ्यांनी सख्ख्या भावाचं घर गहाण पडताना पाहिलंय. ते काकांचं नाव घेतात तेव्हा त्यांना तुमच्याशी वाद जिंकायचा नसतो. त्यांना भीती वाटते आणि ती सांगायला त्यांच्याकडे हीच एक गोष्ट आहे. तिला खोडायला जाऊ नका. "काकांचं नि माझं वेगळंय" म्हणालात तर दार बंद होईल. त्याऐवजी विचारा, "काकांचं नेमकं कशामुळे बिघडलं, बाबा?" आणि त्यांना सगळं बोलू द्या. शक्य असेल तर काकांकडेच जा. धंदा बुडालेल्या माणसाला सगळे सहानुभूती देतात किंवा टोमणे मारतात. तुम्हाला काय समजलं, असं कुणी विचारत नाही. जुनी वही असेल तर ती मागा. कुठल्या महिन्यापासून हिशेब लागेना, हे तेच सांगू शकतील, आणि कदाचित ते मी वर मांडलेल्या कारणांपेक्षा वेगळंच असेल. माझं अनुमान तुमच्या चार ओळींवर उभं आहे, त्यांचं अनुभवावर.

अशी पत्रं मला दुसऱ्या विषयांवरही येतात. शेजारच्या मुलाला अमुक क्लासमुळे प्रवेश मिळाला, मग आपल्यालाही तिथेच घालायचं का. आतेबहिणीचं परजातीतलं लग्न मोडलं, मग माझंही मोडेल का. त्या सर्वांना मी हेच सांगेन की समोरच्याने दाखला दिला की त्याच्याकडे कारण मागा. असंच करून ज्याचं उलटं झालं असा एकतरी माणूस शोधा. आणि दाखला आवडता असेल, तुमच्या मनासारखा असेल, तर तो कुठे बसत नाही ते आधी बघा. नावडत्या दाखल्याची उलटतपासणी आपण सगळेच करतो.

आता महिनाअखेरीचं. दाखल्याने काय तपासायचं ते कळतं. तपासणी मात्र करावीच लागते. दोन गोष्टी या पंधरवड्यात करून बघा. संध्याकाळचा स्वयंपाक सलग चार दिवस बायकांवर सोपवा आणि केंद्रात जाऊच नका, फोनवरूनही सूचना देऊ नका. पाचव्या दिवशी नेहमीच्या गिऱ्हाइकांना विचारा, भाजी कशी होती. काकांचं दुसरं कारण तुम्हाला किती लागू आहे ते इथेच कळेल. आणि त्या वस्तीतल्या एखाद्या पीजीच्या वीस-पंचवीस जेवणांची ऑर्डर आठवडाभर घेऊन, संध्याकाळी सातच्या गर्दीत डबे स्वतः नेऊन बघा. किती वाजता पोचता, भाजी किती गरम राहते, पोळीचं काय होतं, आणि त्या वेळात इकडचा तवा थांबतो का.

चार दिवसांत चव घसरली तर हा गाळा सोडा आणि आधी एका बाईला तुमच्या हाताखाली तयार करा. वर्षभराने पुन्हा बघता येईल. चव टिकली तर गाळामालकाकडे जा आणि पुढची अर्धी जागाच मागा, नसेल जमत तर अकरा महिन्यांचा करार आणि लॉक-इन, म्हणजे ज्या मुदतीत जागा सोडता येत नाही ती, तीन महिन्यांच्या वर नको म्हणून सांगा. तो अख्खा गाळा, पूर्ण डिपॉझिट आणि दोन वर्षांची अट यावरच अडून बसला, तर त्याला नाही म्हणा. त्या वस्तीत तवा ठेवण्यापुरती जागा दुसरीही निघेल.